४२९४९६७२९५ : एका ‘एकोण’ संख्येची ओळख

शीर्षकातला आकडा बघून ‘मराठी विभागात कुणाचा मोबाईल नंबर छापला की काय?’ अशी शंका काही जणांना आली असेल. अंक दहाच आहेत हे खरं, पण आपल्याकडे मोबाईल नंबर ४ ने सुरू होत नाहीत. तेव्हा डायल करण्याच्या भानगडीत पडू नका. ही एक पूर्णांक संख्या आहे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती कधी ना कधी स्क्रीनवर पाहिलेली आहे. सी-लँग्वेजच्या लॅबमध्ये एक अनसाइन्ड इंट घ्यायचा, त्यात −१ टाकायचा आणि छापायला सांगायचं. उत्तर −१ येत नाही, ४२९४९६७२९५ येतं. मग सांगितलं जातं, “ही बत्तीस बिटांची कमाल मर्यादा. व्हायव्हाला विचारतात, लिहून ठेवा.” आपण लिहून ठेवतो आणि विषय संपतो.

माझ्या मते विषय खरं तर तिथे सुरू होतो. या एका संख्येत नववीचं बीजगणित, ग्रीकांची पट्टी आणि कंपास, आपला मेरुप्रस्तार, सतराव्या शतकातल्या एका थोर गणितीची फसगत आणि आजच्या संगणकाचं पोट, असं सगळं एकत्र नांदतं. शिवाय शेवटी तिच्याकडून घेण्यासारखा एक धडा आहे. तो परीक्षेत विचारतील की नाही सांगता येत नाही, पण नोकरीत नक्की विचारला जाईल!

१. आधी नाव तर घेऊ

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘सदुसष्ट’ ऐकलं की मी आजही आधी मनात ‘सिक्स्टी-सेव्हन’ असं भाषांतर करते आणि मग पाकीट उघडते. पण ही संख्या मराठीतच म्हणून बघा : चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. यात दोन वेळा ‘एकोण’ आला. लहानपणापासून मराठीत पाढे म्हटलेल्यांना त्यात काही विशेष वाटणार नाही, पण इंग्रजीतून आलेल्या माणसाला वाटतं. ‘ट्वेंटी-नाइन’ म्हणजे वीस आणि वर नऊ. ‘एकोणतीस’ म्हणजे एक ऊन तीस, तिसाला एक कमी. इंग्रजी मागच्या टप्प्यापासून पुढे मोजते. मराठी पुढच्या टप्प्यावर नजर ठेवून एक पाऊल मागे घेते.

हा ‘एकोण’ लक्षात ठेवा, कारण आपल्या संख्येची सगळी किल्ली त्यातच आहे. तिच्यात १ मिळवला की ४२९४९६७२९६ होतात, आणि ही संख्या म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात. म्हणजे आपली संख्या २^३२ − १ आहे, अर्थात ‘एकोण दोनाचा बत्तिसावा घात’. (घातासाठी मी ^ हे चिन्ह वापरते आहे. सीवाल्यांनी कृपया त्याला एक्सॉर समजू नये.)

२. चेहरा आणि स्वभाव

दशमान पद्धतीत ४२९४९६७२९५ हा आकडा अगदी ओबडधोबड दिसतो. द्विमान पद्धतीत मात्र तो असा दिसतो :

११११११११ ११११११११ ११११११११ ११११११११

सलग बत्तीस एक! कारण सोपं आहे. दशमानात ९९९९ मध्ये एक मिळवला की १०००० होतात, कारण ९ हा शेवटचा अंक. द्विमानात शेवटचा अंक १ च आहे, म्हणून तिथे सगळे एक म्हणजे पुढच्या टप्प्याला एक कमी. बत्तीस खणांच्या पेटीत यापेक्षा मोठं काही मावत नाही. आणखी एक मिळवला तर हातचा तेहतिसाव्या खणात जायला हवा, पण तो खणच नाही. म्हणून पेटीत उरतात बत्तीस शून्यं. उलट, शून्यातून एक वजा केला की पेटी पुन्हा एकांनी भरते. लॅबमधल्या त्या −१ चं रहस्य एवढंच.

इथे एक फरक समजून घेऊ. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आणि त्यांचा ६१७४ आपल्याला माहीत असतो. चार अंकी कुठलीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, आणि ७६४१ − १४६७ = ६१७४ म्हणून तिथेच थांबतो. हा गुण फार सुंदर आहे, पण तो दशमान लिखाणाशी बांधलेला आहे. आपल्या संख्येचे ‘बत्तीस एक’ हेही तसंच लिखाणाशी बांधलेलं रूप, म्हणजे तिचा चेहरा. तिचा स्वभाव कळायला तिचे अवयव पाडावे लागतील. ते कुठल्याही लिपीत, कुठल्याही पद्धतीत लिहिले तरी बदलत नाहीत.

३. नववीचं सूत्र कामाला येतं

दहा अंकी संख्येचे अवयव पाडायचे म्हटलं की पोटात गोळा येतो. पण आपल्याकडे एक सूत्र आहे : (अ + ब)(अ − ब) = अ^२ − ब^२. आपली संख्या म्हणजे एका वर्गातून १ वजा. म्हणून

२^३२ − १ = (२^१६ + १)(२^१६ − १) = ६५५३७ × ६५५३५

आता ६५५३५ वर तेच करा : २५७ × २५५. मग २५५ वर : १७ × १५. मग १५ वर : ५ × ३. झालं!

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

पाचही अवयव मूळ संख्या आहेत आणि एकही दोनदा आलेला नाही. (‘प्राइम’ला मराठीत ‘मूळ’ म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. शब्द मला इंग्रजीपेक्षा आवडला. झाड त्याच्यावरच उभं असतं.)

आता उलटीकडून चढत या. ३, मग ३ × ५ = १५, मग × १७ = २५५, मग × २५७ = ६५५३५, मग × ६५५३७ = ४२९४९६७२९५. ओळखीचे वाटतात ना हे आकडे? दोन बिटांची मर्यादा ३, चार बिटांची १५, आठ बिटांची २५५, सोळा बिटांची ६५५३५, बत्तीस बिटांची आपली. पेटी दुप्पट मोठी केली की दर वेळी नेमकी एक नवी मूळ संख्या गुणायला येते. निदान इथपर्यंत तरी येते. हे ‘इथपर्यंत तरी’ पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

४. बत्तीस विभाजक आणि मेरू पर्वत

पाच वेगवेगळ्या मूळ संख्यांपैकी प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची. म्हणून एकूण विभाजक २ × २ × २ × २ × २ = ३२. बत्तीस बिटांच्या संख्येला बत्तीस विभाजक!

आता ४२९४९६७२९५ पर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ सोडून कुठलाही सामाईक विभाजक नाही, ते मोजू. नियमाप्रमाणे प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार करायचा : २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६. हे सगळे दोनाचेच घात आहेत. घातांकांची बेरीज १ + २ + ४ + ८ + १६ = ३१, म्हणून उत्तर २^३१ = २१४७४८३६४८. साइन्ड इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ असते, म्हणजे याला बरोबर एक कमी. पुन्हा एकोण!

पण मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. अकरावीत आपण पास्कलचा त्रिकोण शिकलो. पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिताना हलायुधाने दहाव्या शतकात तोच ‘मेरुप्रस्तार’ या नावाने समजावला आहे. वरच्या शेजारच्या दोन संख्यांची बेरीज खाली लिहायची, की ओळीमागून ओळ तयार होते. आता या त्रिकोणात विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा :

१ → १
११ → ३
१०१ → ५
११११ → १५
१०००१ → १७
११००११ → ५१
१०१०१०१ → ८५
११११११११ → २५५

हे सगळे आपल्या संख्येचे विभाजक आहेत, आणि तेही चढत्या क्रमाने, एकही न वगळता! पुढची ओळ २५७, आणि बत्तिसाव्या ओळीत सलग बत्तीस एक, म्हणजे खुद्द आपली संख्या. बत्तीस ओळी, बत्तीस विभाजक. कारण असं की सम-विषमाच्या हिशेबात (१ + क्ष)^२ आणि १ + क्ष^२ यांत फरक नसतो, मधला २क्ष सम असल्यामुळे गळून जातो. त्यामुळे प्रत्येक ओळ आपल्या पाच अवयवांपैकी काहींच्या गुणाकाराने बनते. वही घेऊन सोळा ओळी लिहून बघा, मेसच्या रांगेत उभं राहिल्याचा वेळ सहज जातो.

५. “अगं, पण याचा उपयोग काय?”

हा प्रश्न माझ्या रूममेटने विचारला. ती मेकॅनिकलची आहे, त्यामुळे तिला तो शोभतोही. तिला दिलेलं उत्तर इथे देते.

समजा एका संख्येत किती बिट १ आहेत ते मोजायचं आहे. डेटा पाठवताना चुका पकडण्यासाठी, शिवाय बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये सोंगट्या मोजण्यासाठी हे सतत लागतं. साधा मार्ग म्हणजे लूप लावून बत्तीस वेळा बघायचं. शहाणा मार्ग पाच पायऱ्यांचा आहे. सोयीसाठी आठ बिटांवर बघू. संख्या घ्या १०११०१११. आधी जोड्या करा : १०, ११, ०१, ११. प्रत्येक जोडीतले एक मोजा : १, २, १, २. शेजारच्या जोड्यांची बेरीज करा : ३, ३. पुन्हा बेरीज करा : ६. आठ बिटांना तीन पायऱ्या, तर बत्तीस बिटांना पाच.

या प्रत्येक पायरीत काही बिट झाकावे लागतात, त्यासाठी ‘मास्क’ वापरतात. आठ बिटांचे मास्क असे : ०१०१०१०१, ००११००११, ००००११११. दशमानात ८५, ५१, १५. आता गंमत बघा :

२५५ ÷ ३ = ८५, २५५ ÷ ५ = ५१, २५५ ÷ १७ = १५

बत्तीस बिटांचे पाच मास्कही तसेच मिळतात. आपल्या संख्येला तिच्या पाच मूळ अवयवांनी एकेकदा भागा : १४३१६५५७६५, ८५८९९३४५९, २५२६४५१३५, १६७११९३५ आणि ६५५३५. पुस्तकात हे मास्क आकाशातून पडल्यासारखे छापलेले असतात. पण ते आकाशातून पडलेले नाहीत, ते या संख्येच्या पोटातून आलेले आहेत.

आणि एकटा ६५५३७ सुद्धा मोठा कामाचा प्राणी आहे. आरएसए पद्धतीच्या सांकेतिक कुलुपात जाहीर किल्लीचा घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी हाच घेतात. द्विमानात त्याच्यात फक्त दोनच एक असल्यामुळे घात काढायला वेळ कमी लागतो. यानंतर रूममेट म्हणाली, “ठीक आहे, चालेल.” मेकॅनिकलकडून एवढं पुष्कळ झालं.

६. पट्टी, कंपास आणि अठरा वर्षांचा मुलगा

नुसती पट्टी (तीही खुणा नसलेली) आणि कंपास घेऊन किती बाजूंच्या सुसम आकृत्या काढता येतात? त्रिकोण, चौरस आणि पंचकोन ग्रीकांना येत होते. पंधरा बाजूंची आकृती युक्लिडने दिली आहे. युक्ती अशी की २/५ − १/३ = १/१५. पंचकोनाच्या दोन बाजूंचा कंस १४४ अंश, त्यातून त्रिकोणाच्या एका बाजूचा १२० अंश वजा, उरले २४ अंश, आणि २४ × १५ = ३६०. सात बाजू मात्र कुणाला जमेनात, आणि दोन हजार वर्षं गाडी तिथेच थांबली.

३० मार्च १७९६ रोजी कार्ल फ्रिडरिश गाउसने दाखवलं की सतरा बाजूंची आकृती काढता येते. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या वयाचा! कारण थोडक्यात असं. पट्टी-कंपासने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढंच करता येतं. वर्गमूळ म्हणजे एका प्रश्नाचे दोन निम्मे करणं. १७ मधून १ वजा केला की १६. त्याचे निम्मे ८, मग ४, मग २, मग १. बरोबर संपतं. सातातून १ वजा केला की ६, निम्मे ३, आणि तिथे अडतं. पुढे १८३७ मध्ये पिएर वाँत्झेलने उरलेली बाजू पक्की सिद्ध केली. नियम असा : बाजूंची संख्या म्हणजे दोनाचा एखादा घात, गुणिले ३, ५, १७ यांसारख्या ‘दोनाचा घात अधिक एक’ अशा रूपाच्या मूळ संख्या, आणि त्यांतली प्रत्येक जास्तीत जास्त एकदाच.

अशा रूपाच्या विषम मूळ संख्या आजपर्यंत पाचच सापडल्या आहेत : ३, ५, १७, २५७, ६५५३७. आपल्या संख्येचे नेमके पाच अवयव! म्हणून विषम बाजूंची सगळ्यात मोठी आकृती, जी पट्टी-कंपासने काढता येते असं आज माहीत आहे, तिला ४२९४९६७२९५ बाजू आहेत. ती पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढी काढली तरी एक बाजू जेमतेम ९.३ मिलिमीटरची होईल.

लोकांनी हे गमतीवारी घेतलं नाही. १८३२ मध्ये रिशेलो यांनी २५७ बाजूंची रचना प्रसिद्ध केली. योहान हर्मेस यांनी ६५५३७ बाजूंच्या रचनेवर दहा वर्षं घालवली आणि १८९४ मध्ये ते काम पुरं केलं. त्यांचं हस्तलिखित गटिंगेनच्या विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे. आपल्याला एका ड्रॉइंग शीटला दहा दिवस पुरत नाहीत. असो.

७. फर्माचा विश्वास

आता त्या ‘इथपर्यंत तरी’कडे येऊ. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या म्हणजे २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १. घातांक दर वेळी दुप्पट. फ्रान्समधल्या तुलूझचा न्यायाधिकारी आणि थोर गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रातून कळवलं की या रूपाच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता आपल्याजवळ नाही हे त्याने कबूल केलं होतं, पण विश्वास मात्र पक्का होता. पाचपैकी पाच उदाहरणं बरोबर आली होती. आपणही दुसरं काय केलं असतं?

सहावी संख्या म्हणजे २^३२ + १ = ४२९४९६७२९७. ही आपल्या संख्येची शेजारीण, तिच्यापेक्षा फक्त दोनने मोठी. या दोघींत सामाईक अवयव असता तर त्याने दोघींतल्या फरकाला, म्हणजे २ ला, भागलं असतं. पण दोघीही विषम आहेत. म्हणून ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांपैकी कुणीही शेजारणीला भागत नाही, हे भागाकार न करताच कळलं.

जवळजवळ शंभर वर्षं हा विश्वास टिकला. १७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या लिओनार्ड ऑयलरने शेजारणीचा अवयव काढून दाखवला. पुढे त्याने हेही सिद्ध केलं की तिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असायलाच हवा. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ तर आपण आधीच बाद केली. म्हणजे उरले चार भागाकार, आणि चौथा निःशेष जातो :

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हे कॅल्क्युलेटरशिवायही पटवता येतं. ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१. चौथा घात करा : ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा : −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य! चार ओळींत विषय संपला.

चुटपुट लावणारी गोष्ट अशी की ‘६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त’ हा नियम ज्या छोट्या प्रमेयावरून निघतो, ते प्रमेय फर्माचंच, आणि तेही १६४० सालचंच. हत्यार त्याच्याच घरात होतं. आणि पुढे काय झालं? सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा-संख्या संयुक्त निघाल्या आहेत. चौतिसावीबद्दल, जिच्यात २५८ कोटींहून जास्त अंक आहेत, अजून निर्णय झालेला नाही. पाचांनंतर आजतागायत एकही मूळ सापडलेली नाही.

८. अर्धा पट

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. राजा म्हणाला, एवढंच ना! पहिल्या बत्तीस घरांतले दाणे मोजा. बरोबर ४२९४९६७२९५. हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर हे झाले सुमारे १०७ टन, म्हणजे दहा-टनी अकरा ट्रक. राजाच्या कोठारात एवढे तांदूळ असतात. अर्ध्या पटापर्यंत त्याची हिंमत रास्तच होती.

पूर्ण पटाचे दाणे २^६४ − १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१५, आणि ते जमवायला साऱ्या जगाचं शेकडो वर्षांचं तांदळाचं पीक लागेल. आता नववीचं सूत्र लावा : ही संख्या म्हणजे ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७, आपली संख्या गुणिले तिची शेजारीण. अर्ध्या पटापर्यंत सगळे अवयव फर्माच्या मनासारखे, आणि दुसऱ्या अर्ध्यात ६४१ आणि ६७००४१७ घुसतात. राजा आणि फर्मा, दोघांचा हिशेब एकाच रेषेपर्यंत बरोबर होता!

९. मग धडा काय?

आता तिसरा हिशेब बघा, आणि तो आपल्या बिरादरीचा आहे. बत्तीस बिट ‘पुष्कळ झाले’ असं इंजिनिअरांनीही मानलं होतं. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा काउंटर होता. ४२९४९६७२९५ मिलिसेकंद म्हणजे सुमारे ४९.७ दिवस. तेवढे दिवस सलग चालू ठेवला तर संगणक थिजायचा. टेस्टिंगमध्ये कोण पन्नास दिवस बसून बघणार? इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्तेही बत्तीस बिटांचेच. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आणि १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या साइन्ड काउंटरची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राला वाटेल की १९०१ साल चालू आहे. नवी यंत्रं चौसष्ट बिटांवर गेली आहेत, पण कारखान्यांत आणि उपकरणांत बसवून विसरलेली जुनी यंत्रं शोधून दुरुस्त करायचं काम अजून बाकी आहे. ते करणाऱ्यांच्या वयाचे तेव्हा आपण असू.

आपण लॅबमध्ये पाच रीडिंग घेतो, रेषेवर बसली की ग्राफ काढतो. प्रोग्रॅमला पाच इनपुट देतो, चालला की सबमिट करतो. पाच म्हणजे पुष्कळ, असं आपल्याला मनापासून वाटतं. (स्टाफने रागावू नये, जर्नलमध्ये जागाही तेवढीच असते.) ४२९४९६७२९५ ही संख्या म्हणजे पाच बरोबर उदाहरणांचा गुणाकार आहे, अक्षरशः. तिच्यापेक्षा दोन पावलं पुढे गेलं की उदाहरण चुकतं, आणि एकच पाऊल पुढे गेलं की काउंटर शून्यावर येतो. उदाहरणं आपल्याला रस्ता दाखवतात. रस्ता कुठपर्यंत जातो हे मात्र सिद्धताच सांगते, आणि जिथे सिद्धता नाही तिथे निदान कडेला जाऊन वाकून बघायला हवं. म्हणून माझी एक साधी विनंती आहे : पुढच्या वेळी प्रोग्रॅम तपासताना मधली पाच इनपुट द्या, पण सहावं मर्यादेचं द्या, सातवं मर्यादेला एकोण द्या, आणि आठवं मर्यादेच्या पुढचं.

जाता जाता घरचा अभ्यास :

(१) ५१ बाजूंची सुसम आकृती पट्टी-कंपासने काढता येईल का? आणि ४५ बाजूंची?
(२) वरच्या त्रिकोणाची सतरावी ओळ न मांडता सांगा, ती द्विमानात कशी दिसेल?
(३) २^१२८ − १ चे निदान आठ वेगवेगळे अवयव भागाकार न करता लिहा.

उत्तरं नोटीस बोर्डावर लावणार नाही. सुटली तर मेसमध्ये गाठा, चहा माझ्याकडून. जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ कप, पुढे काउंटर शून्य!

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)